भरती-ओहोटीचे पुस्तक

माझी मोठी जाऊ गेली, त्याला आज नऊ दिवस झाले. सुतक असल्यामुळे पूजा नाही, सणवार नाही. भेटायला माणसे येतात तेवढ्यापुरते बोलणे होते. बाकी वेळ हात रिकामे असतात, म्हणून ही वही काढली. मला भरभर लिहिता येत नाही. एक वाक्य लिहावे, थोडे बसावे, मग दुसरे लिहावे, अशी माझी रीत.

भेटायला येणाऱ्या बाया म्हणतात, "तुम्ही दोघी जावा म्हणजे सख्ख्या बहिणी होत्या व." मी मान हलवते. ते खरे नाही. बारा वर्षे मी तिचा हेवा केला. तो सुरू झाला माझ्या मुलीवरून, आणि वाढला तो मुलीला घरी शास्त्र कोणते शिकवावे, या गोष्टीवरून. ऐकणाऱ्याला हसू येईल असेच ते कारण आहे. पण मला ते लिहून काढायचे आहे, कारण त्यात मी एक वाईट काम केले आणि ते तिला ठाऊक होते.

मी यवतमाळची. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या घरी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत डाळ-तिखट ठेवीत, आणि प्रत्येक बाटलीवर वडिलांच्या अक्षरात चिठ्ठी असे. अक्षर लिहिल्याशिवाय वस्तू ओळखायची नाही, हे मी तिथेच शिकले असणार. सातवी पास झाले, मास्तरीण होण्यासाठी नॉर्मल स्कूलचे एक वर्ष केले, आणि दुसऱ्या वर्षाच्या आधी लग्न होऊन बोरीला आले. घर शेतीवाल्यांचे. थोरले दीर आणि जाऊ शेत पाहत. माझे पती कारकून; पुढे दारव्ह्याच्या कचेरीत गेल्यावर ते शनिवारी संध्याकाळी घरी येत आणि सोमवारी पहाटेच्या मोटारीने जात.

जाऊला लिहिता-वाचता येत नव्हते. अंगठासुद्धा ती फार विचार करून उठवी. तिचे दोन्ही मुलगे मोठे होऊन कामाला लागले होते. उंच, काळीसावळी, रुंद हाताची बाई. मला ती 'मास्तरीण' म्हणे. पहिल्या दिवशी चेष्टेने म्हणाली असेल. पुढे सगळे घर तेच म्हणू लागले.

माझ्या मुलीला पाचव्या वर्षी ताप आला. ताप उतरला, पण उजवा पाय तसाच लुळा राहिला. शाळा ओढ्यापलीकडे होती. काही दिवस तिचे वडील तिला खांद्यावर घेऊन पोचवीत. त्यांची नेमणूक दारव्ह्याला झाली आणि ते बंद पडले. दोन-चारदा थोरल्या दिरांनी नेले. मग एक दिवस मुलगी म्हणाली, "मी नाही जात. खाली ठेवलं की पोरं माझ्याभोवती उभी राहून पाहतात." त्या दिवसापासून मी तिला घरी शिकवायला घेतले.

शाळेचे मुख्याध्यापक म्हातारे होते, भले होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पहिली-दुसरी घरी करून घ्या. मी येऊन तपासीन. मला पटले तर तिसरीत नाव घालतो, मग फक्त परीक्षेला आणा. नाही पटले तर पहिलीपासून बसवावे लागेल." थोरले दीर ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करता म्हटले, "अन् आठ वर्षाची पोरगी लहान्या लेकरांत बसन का? नाई जमलं तं राहू द्या. वाती वळन घरी." त्यांनी वाईट हेतूने म्हटले नव्हते. पण मला कळले की मुलीला एकच संधी आहे आणि ती माझ्या हातात आहे. मुलीचे सगळे शिक्षण त्या एका तपासणीवर लटकलेले होते.

भाषा आणि हिशेब मला येत होते. अडले ते शास्त्र.

छप्पन साली आपले राज्य बदलले. तोवर आम्ही नागपूरकडे पाहत होतो, आता मुंबईकडे पाहायचे होते. शाळेत जुनी पुस्तके संपली नव्हती आणि नवी पुरेशी आली नव्हती. मी गुरुजींना विचारले, शास्त्र कोणते शिकवू? त्यांनी कपाट उघडले आणि तीन पुस्तके माझ्यापुढे ठेवली. एक लाल पुठ्ठ्याचे, नागपूरकडचे, ज्यावर मी स्वतः शिकले होते. एक पातळ, खादीच्या रंगाच्या कव्हराचे. त्यात सगळे शास्त्र कापूस, टकळी आणि शेत यांतूनच शिकवायचे होते. सरकी पेरण्यापासून सूत काढण्यापर्यंत. आणि तिसरे नवे कोरे, हिरवे, मुंबईचे. त्याला अजून डिंकाचा वास होता.

"मला स्वतःलाच कळत नाही, बाई," गुरुजी म्हणाले. "वरून काय पत्र येईल ते येईल. तुम्ही ठरवा. तुम्ही जे शिकवाल त्यातलेच मी विचारीन."

तिन्ही पुस्तके मी आठ दिवस घरी ठेवून घेतली. दुपारी चौकटीत बसून वाचत असे. शहाण्या माणसाने कोणते घेतले असते ते आज मला सरळ दिसते. आमच्या अंगणात कापसाचा ढीग होता, दाराशी बैल होते, शेत अर्ध्या कोसावर. ते पातळ पुस्तक जणू आमच्या घरात बसूनच लिहिले होते. मी ते पहिल्याच दिवशी बाजूला ठेवले.

त्याचे कारण मी कोणाला सांगितले नाही. त्या सुमारास मुलगी रोज जाऊबरोबर बंडीतून शेतात जात असे. जाऊ तिला कडेवर घेई, बंडीत गवतावर बसवी, धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीखाली उतरवी. संध्याकाळी मुलगी परत आली की तिचे तोंड थांबत नसे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, पानाखाली अंडी कशी असतात, कोणत्या मुंग्या चावतात आणि कोणत्या नुसत्या धावतात, कुंद्याचे गवत उपटले तरी पुन्हा का येते. "मोठी आई म्हणते," अशी प्रत्येक वाक्याची सुरुवात. आमच्याकडे मुले चुलतीला मोठी आई म्हणतात, त्यात नवल काही नाही. पण दिवसातून चाळीसदा ऐकले की मला वाटे, ती मोठी आणि मी कोण? मुलीने मला किती प्रश्न विचारले आणि तिला किती, हे मी मनात मोजू लागले होते. मला विचारलेले प्रश्न असे असत: "आई, जेवायला काय आहे?"

जाऊला माझ्या मुलीची गरज असती तर मला इतके लागले नसते. तिला गरज नव्हती. तिचा संसार भरलेला होता, कामाला दिवस पुरत नव्हता. मुलगी आपणहून तिच्याकडे जात होती, जसे कोणी सावलीकडे सरकते.

ते पातळ पुस्तक घेतले असते तर पहिल्याच धड्याला मुलगी म्हणाली असती, हे तर मोठी आईनं सांगितलं. लाल पुस्तकातही पळस, मोह, ज्वारी, विहीर होती. मी हिरवे पुस्तक उघडले. त्यात नारळाचे झाड होते, भाताची खाचरे होती, बंदरातली बोट होती, आणि एक अख्खा धडा समुद्राच्या भरती-ओहोटीवर. जाऊने समुद्र पाहिला नव्हता. भाताचे रोप पाहिले नव्हते. त्या पुस्तकात तिला शिरायला एकही फट नव्हती.

मी गुरुजींना निरोप पाठवला, हिरवे पुस्तक घेतले आहे. शनिवारी पतींना सांगितले तेव्हा मी म्हटले, "राज्य मुंबईचे आहे, पुढे हेच चालणार." त्यांना ते फार दूरदृष्टीचे वाटले.

समुद्र मीही पाहिला नव्हता.

भरती-ओहोटी मी परातीत शिकवली. परातीत पाणी घातले, एका बाजूने उचलले, म्हटले, "हे बघ, पाणी इकडे आले ती भरती. तिकडून गेले ती ओहोटी. हे चंद्र ओढतो."

"चंद्र कसा ओढतो? दोरानं?"

"दोराने नाही. लांबूनच."

"मग आपल्या विहिरीचं पाणी काहून नाही ओढत?"

पुस्तकात ते दिले नव्हते. मी म्हटले, "विहीर लहान असते."

जाऊ तिथेच तूर पाखडत होती. ती सुपावरून म्हणाली, "समुद्रावरची मानसं पायत असतीन बाप्पा. पानी कुठवर आलं तं दगडाले खूण करत असतीन. आपुन नाई का इहिरीच्या पायऱ्या मोजत उन्हाळ्यात." मग मला म्हणाली, "काहून व मास्तरीण, चूक सांगतलं का म्या?"

"चूक नाही, जाऊबाई," मी म्हटले. "पण पुस्तकात तसे नाही."

मुलगी लगेच म्हणाली, "मोठी आई, आपण विहिरीला खूण करू?" आणि परात तशीच राहिली. दोघींनी खरोखर विहिरीच्या आतल्या दगडाला गेरूची खूण केली. जाऊ उतरली, मुलगी काठावर पोटावर पालथी पडून सांगत होती, अजून खाली, अजून खाली. मी परातीतले पाणी तुळशीला घातले.

अशा रीतीने वर्ष गेले. मुलीला हिरव्या पुस्तकातले सगळे पाठ झाले. तिची स्मरणशक्ती चांगली होती, मी हाक मारली की धडा म्हणून दाखवी आणि सुटी मागे. फाल्गुनात गुरुजींचा निरोप आला, तीन आठवड्यांनी, बुधवारी सकाळी येतो.

शेवटचा धडा राहिला होता, बी रुजण्याचा. पुस्तकात घेवड्याचे चित्र होते. खाली लिहिले होते, आपल्या भागातील मुख्य पिकाचे बी घेऊन हा प्रयोग करून पाहावा. आमच्या भागातले मुख्य पीक कापूस. म्हशीपुढे घालायच्या पोत्यातली मूठभर सरकी मी आणली. काचेच्या ग्लासात टीपकागद लावला, मध्ये सरकी ठेवली, पाणी घातले, अगदी चित्रातल्यासारखे. मुलीला म्हटले, रोज पाहायचे आणि वहीत लिहायचे.

पहिल्या दिवशी तिने लिहिले, काही नाही. दुसऱ्या दिवशी, काही नाही. चौथ्या दिवशी सरकीच्या पांढऱ्या लवेवर करडी बुरशी आली. सहाव्या दिवशी ग्लासाला वास येऊ लागला. मुलीने वहीत लिहिले, घाण येते.

जाऊने तो ग्लास उचलून उजेडात धरला आणि हसली. मोठ्याने नाही, पण हसली.

"अशीच टाकली का सरकी? न्हाऊ न घालता?"

"म्हणजे?"

"अव, तिच्या अंगावर लव असते ना. पानी आत जात नाई, एकमेकीले चिकटून बसते. शेन-राख लावून खाटेवर घासा लागते तिले, तवा मोकळी होते. हे तं लेकरालेबी मालूम हाये. पुस्तकात नाई लिवलं?"

पुस्तकात लिहिलेले नव्हते. घेवड्याला लव नसते. आणि मी या घरात दहा वर्षे होते. दर वर्षी पेरणीच्या आधी जाऊ आणि बाया अंगणात खाट टाकून शेणाच्या पाण्यात कालवलेली सरकी सुंभावर घासत, हे मी दहा वर्षे पाहिले होते. पाहिले म्हणजे त्या बाजूने गेले होते, पदर नाकाला लावून.

त्याच दुपारी तिने खाट टाकली. मुलीला खाटेवरच बसवले. दोघींचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले. मुलगी इतकी हसत होती की तिला उचकी लागली. घासलेल्या सरकीचे दाणे सुटे, काळसर, गोटीसारखे झाले. एका फुटक्या माठाच्या खापरात माती घालून ती पेरली. चौथ्या दिवशी माती फुगली, पाचव्या दिवशी वाकलेल्या माना वर आल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर सरकीचे टरफल.

"पाय व, टोपी घालून आले," जाऊ म्हणाली.

मुलगी दिवसभर त्या खापरापाशी. टोप्या कोणाच्या पडल्या, कोणाच्या राहिल्या, पहिली दोन पाने घडी करून कशी ठेवलेली असतात, हे ती बोटाने न शिवता पाहत होती. जाऊने तिला सांगितले होते, हात लावायचा नाही, डोळ्यांनी पाहायचे. मी ग्लास धुऊन फडताळात ठेवून दिला.

मंगळवारी संध्याकाळी मी तिची शेवटची उजळणी घेतली. भरती-ओहोटी, बंदर, नारळाचे उपयोग. सगळे बिनचूक. पुस्तक मिटून मी म्हटले, "उद्या गुरुजींना असेच सांग."

"आधी मोठी आईचं खापर दाखवीन," ती म्हणाली. "पुस्तक मग. आणि आई, तू तो ग्लासाचा प्रयोग नको सांगू. गुरुजी हसतील."

ती माझी काळजी घेत होती. मला लाज वाटू नये म्हणून सांगत होती. ते मला तेव्हा कळले नाही.

बुधवारी मी सगळ्यांच्या आधी उठले. अंगणातल्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचे घंगाळ उकळत होते. जाऊ गोठ्यात धार काढत होती, चरवीत दुधाचा आवाज येत होता. मी तांब्याभर पाणी घेतले. ते आंघोळीला घेते आहे अशीच माझी चाल होती, मी स्वतःलाही तसेच भासवले. मग खापरापाशी वाकले आणि काठाकाठाने, पानांना न लावता, मातीत ओतले. मातीने ते लगेच पिऊन टाकले. रोपे तशीच उभी होती. मला क्षणभर वाटले, काही होणार नाही.

सूर्य वर येईपर्यंत सगळी माना टाकून पडली होती.

मुलगी रडली नाही. घसटत जाऊन खापरापाशी बसली आणि बसूनच राहिली. जाऊ धारेची चरवी ठेवून आली. तिने पेरणीच्या वेळी शेतात घालते तसे बोट मातीत खुपसले, दुसऱ्या पेरापर्यंत. ते तिने तिथे थोडा वेळ ठेवले. माती आत अजून गरम असणार. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी चुलीपाशी उभी होते, तांब्या माझ्या हातात होता. किती वेळ पाहिले ते सांगता येत नाही. बोट काढून तिने पदराला पुसले.

"माह्याच हातानं झालं व," ती मुलीला म्हणाली. "मुंग्या लागतीन म्हनून सकायी राख टाकली. निखारा रायला असन तिच्यात."

गुरुजी नऊच्या सुमारास आले. ओट्यावर सतरंजी टाकली, त्यांना चहा दिला. वाचन झाले, हिशेब झाला, ते मान डोलवत होते. मग शास्त्र. मुलीने भरती-ओहोटी घडाघडा म्हटली. नारळ म्हटला. बंदर म्हटले.

"चांगले," गुरुजी म्हणाले. "आता सांग, समुद्राच्या काठी तुझे घर आहे. भरती येणार की नाही हे तुला कसे कळेल?"

तिने हिरव्या पुस्तकाकडे पाहिले. त्यात ते नव्हते.

"नारळ पाण्यात पडला तर बुडेल का तरंगेल?"

तिची नजर पुन्हा पुस्तकाकडे गेली.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "पाठांतर उत्तम आहे, बाई. पण तिसरीला नुसत्या पाठांतरावर भागत नाही. घाई कशाला करायची? एक वर्ष पहिलीत बसू दे."

थोरल्या दिरांचा सुपारीचा अडकित्ता थांबला. विहिरीच्या दगडावरची खूण मला तेव्हा आठवली. भरती कशी कळेल, याचे उत्तर तिला जाऊने वर्षापूर्वी दिले होते, आणि ते पुस्तकात नाही असे मी म्हटले होते. म्हणून तिने ते पुस्तकाच्या वेळी सांगितले नाही.

तेव्हा मुलगी म्हणाली, "गुरुजी, एक मेलेलं आहे. ते दाखवू का?"

जाऊने खापर उचलून त्यांच्यापुढे ठेवले आणि दाराच्या चौकटीशी जाऊन उभी राहिली.

"ही सरकी आहे," मुलगी सांगू लागली. "काल चांगली होती. मोठी आई म्हणते तिच्या हातून निखारा पडला. पण राख कुठंच नाही. आणि निखारा वरून पडला असता तर पानं करपली असती. पानं हिरवी आहेत. हे बघा, देठ खाली मऊ झालंय, मातीपाशी, शिजल्यासारखं. सगळ्यांचं झालंय, एकाचंच नाही. माती ओली आहे. मी पाणी काल दुपारी घातलं होतं, ते सकाळपर्यंत सुकतं, मी रोज पाहते. म्हणजे आज सकाळी कोणी पाणी घातलं. गार पाण्यानं मरत नाही. गरम असेल."

गुरुजी खापरावर वाकले. त्यांनी एक रोप चिमटीत धरून देठ पाहिला.

"आणि कोणी घातलं असेल?"

मुलगी खापराकडेच पाहत होती. "ते झाडाला पाहून नाही कळत," ती म्हणाली.

गुरुजी हसले. असे की त्यांना ठसका लागला. "वा. मोठमोठ्यांना इतके कळत नाही की कुठे थांबावे," ते म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढली आणि तिसरीच्या यादीत नाव लिहिले. लिहिता लिहिता मला विचारले, "हे पाहायला शिकवणारे पुस्तक कोणते हो, बाई? तिन्हींतले कोणते?"

मी हिरव्या पुस्तकावर हात ठेवला. "हेच," मी म्हटले.

तेवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होते. पण चौकटीतून जाऊ म्हणाली, "हो गुरुजी. मास्तरीनच शिकवते तिले. रोज बसते घेऊन."

त्यानंतर दहा वर्षे आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला. त्या गोष्टीचा एक शब्द ती बोलली नाही, मीही नाही. तिने कधी टोमणा मारला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तिने माझ्या हातात असे काही दिलेच नाही. म्हणून हेवा गेला नाही. उलट त्यात भर पडली. आधी मला तिच्या ज्ञानाचा हेवा वाटे, मग तिच्या गप्प राहण्याचा वाटू लागला. मला ते कधी जमले नसते.

मुलगी तिसरी झाली, चौथी झाली, पुढे मामाकडे राहून यवतमाळला शिकली. आता अमरावतीला कॉलेजात आहे, शास्त्र शाखेला. काठी घेऊन चालते. मोठी आई गेल्याची तार मिळाली तशी आली. तिने प्रेताच्या पायांवर डोके ठेवले आणि तिला उठवायला दोघी लागल्या. मी पाहत होते. मी गेल्यावर ही अशी रडेल का, असे माझ्या मनात आले. त्या वेळीसुद्धा आले. हे लिहायला मला फार वेळ लागला.

काल दुपारी आम्ही दोघीच होतो. मी तिला म्हटले, "तुला एक सांगायचे आहे. ते खापर. गुरुजी आले होते त्या दिवशीचे. पाणी मी ओतले होते."

ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"माहीत आहे, आई."

"कसे?"

"त्या दिवशी मोठी आई मला आंघोळ घालत होती. म्हणाली, घंगाळ आज कमी कसं. मग एकदम गप्प झाली. गुरुजी गेल्यावर मी तिला विचारलं, आईनं ओतलं का? तर म्हणाली, तुही आई सांगन तवा आयकजो. तोवर तिले इचारू नोको, अन् मलेबी इचारू नोको." मग ती म्हणाली, "मागच्या दिवाळीत मी आले होते ना, तेव्हा तिनंच मला विचारलं. सांगतलं का व तुह्या आईनं? मी म्हटलं नाही अजून. तर म्हणाली, सांगन. सावकाश हाये ते मानूस."

दहा वर्षे मी समजत होते की ते माझे एकटीचे ओझे आहे. तेही त्या दोघींचेच होते. माझ्या पापाचे गुपितसुद्धा त्यांनी मिळून सांभाळले, आणि दर सुटीत माझी वाट पाहिली. मला रडू आले. ते सगळे पश्चात्तापाचे नव्हते, एवढे मी प्रामाणिकपणे लिहिते.

आज सकाळी थोरले दीर अंगणात येऊन उभे राहिले. पेरणी सुतकासाठी थांबत नाही. मृग तोंडावर आला आहे, सरकीची पोती काढून ठेवली आहेत, आणि यंदा ती घासायला कोण बसणार ते त्यांना विचारवत नव्हते. मी पदर खोचला आणि खाट टाकली. शेणात हात घातला तेव्हा तो थंड आणि जड लागला, मला वाटले होते तसा नाही. मुलगी काठी बाजूला ठेवून खाटेच्या दुसऱ्या अंगाला बसली. मी मूठ मूठ सरकी सुंभावर फिरवू लागले. ती थोडा वेळ पाहत राहिली.

"आई, राख कमी पडली," ती म्हणाली. "आणि इतकं दाबून नाही. तळहातानं. मोठी आई असं करायची."

तिने माझा हात धरून दाखवले.